गर्दी न होणारी खोली

त्या गुरुवारी सकाळी आमच्या घरात नेहमीचाच गोंधळ होता. धाकटीचा एक मोजा सापडत नव्हता. ह्यांचा चष्मा सापडत नव्हता, तो त्यांच्या कपाळावर होता. सासूबाई गोळ्यांची डबी समोर घेऊन रक्तदाबाची गोळी घेतली की घ्यायची आहे, यावर स्वतःशीच वाद घालत होत्या. मी एका हाताने अंडी फेटत होते, दुसऱ्याने दुधाखालचा गॅस बारीक करत होते, आणि तेवढ्यात दारावर थाप पडली.

आमची घंटा चालू आहे, चांगली खणखणीत आहे. तरी तीन थापा, सारख्या अंतराने, बोटांच्या पेरांनी. माझा हात थांबला. खडूच्या मागच्या टोकाने फळ्यावर अशा तीन टिचक्या मारून वर्ग गप्प करायची पद्धत एकाच व्यक्तीची होती, आणि मी त्या वर्गात तीन वर्षं बसले होते.

"बाई आल्या," मी म्हणाले.

"वरची मास्तरीण?" सासूबाईंनी डबी मिटली. "ती आणि आपल्याकडे? नळ फुटला असणार तिचा. आधी छताकडे बघ."

दारात बाईच होत्या. पायात घरातल्या सपाता, स्वेटरची गुंडी एक घर चुकलेली, त्यामुळे सगळा स्वेटर एका बाजूला ओढल्यासारखा. वय एकाहत्तर, अंगाने किरकोळ. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"तुझ्याकडे चांगले कप किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"सहा. का हो बाई?"

"अकरा वाजता एक मुलगी येणार आहे. माझ्याकडे एकच आहे." त्या माझ्या खांद्यावरून आतल्या घड्याळाकडे बघत होत्या. "सहा. बरं." आणि त्या परत जायला वळल्या. कप मागितलेच नाहीत, नुसते किती ते विचारलं.

वळताना त्यांनी जिन्याचा कठडा इतका घट्ट धरला की पेरं पांढरी पडली. काय झालंय ते मला कळेना, पण त्या घाबरल्या होत्या हे दिसत होतं. गणिताला घाबरायचं नाही हे ज्यांनी आम्हाला शिकवलं, त्यांना घाबरलेलं बघायची मला सवय नव्हती. मी त्यांचा दंड धरून त्यांना आत आणलं आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं.

"नमस्कार बाई," हे म्हणाले. "तुमची विद्यार्थिनी अजून मला वाक्यावाक्याला 'सिद्ध करा' म्हणते. वीस वर्षं झाली, एकही गोष्ट सिद्ध झालेली नाही."

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे चष्मा चढवून धाकटीला घेऊन, दोन वेगळ्या रंगांच्या मोज्यांसकट, निघून गेले.

बाईंची गोष्ट आमच्या इमारतीत फारशी कोणाला माहीत नाही, कारण त्या कोणाला सांगत नाहीत. मला माहीत आहे ती तुकड्यातुकड्याने, वर्गात आणि पुढे जिन्यात ऐकलेली. त्यांचे वडील पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. घरात आठ माणसं, खोली एक. रात्री कोणी कुशीवर वळलं की सगळ्यांना वळावं लागायचं. बाई लहानपणापासून भित्र्या. कुत्र्याला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, टेलिफोन वाजला की दुसऱ्या कोणी उचलेपर्यंत कानावर हात ठेवायच्या. अभ्यास करायच्या त्या पलंगाखाली, कारण तिथे कोणाचा धक्का लागत नसे.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका तासाला सरांनी सांगितलं की ज्यांत दिशा संपतच नाहीत अशाही जागा असतात. बानाख अवकाश म्हणतात त्यांतल्या काहींना. आपल्या खोलीला दिशा तीन, लांबी, रुंदी, उंची, आणि खेळ खलास. तिथे चौथी असते, पाचवी असते, मोजत बसलात तर जन्म पुरत नाही. सर म्हणाले, अशा खोलीत मधोमध एक माणूस उभा करा. त्याच्यापासून एका पावलावर अगणित माणसं उभी राहू शकतात, आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकापासून पूर्ण एक पाऊल लांब असतो.

"कोणालाही कोणाचा धक्का नाही," बाई आम्हाला सांगायच्या. "आठ माणसांच्या खोलीतून आलेल्या मुलीला हे सांगितल्यावर ती दुसरं काय शिकणार?"

त्या ते शिकल्या. दिवसाला चार तास शिकवून, उरलेल्या वेळात त्यांनी प्रबंध लिहिला. त्यावर एक लेख गणिताच्या एका छोट्या त्रैमासिकात छापून आला, अकरा पानांचा. मग एकतीस वर्षं त्या कॉलेजातल्या मुलांना शिकवत राहिल्या. लग्न केलं नाही, दुसरा लेख लिहिला नाही. तो एक लेख मात्र काचेखाली, भिंतीवर, इतर लोक आईवडिलांचा फोटो लावतात त्या जागी. आणि वर्गात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कितीही अवघड प्रश्न आला तरी त्या म्हणायच्या, "आधी चित्र काढा. चित्र खोटं बोलत नाही."

आज त्यांनी ओट्यावर डबा उघडला. आत एकच पत्र होतं.

"वाच," त्या म्हणाल्या. "मोठ्याने नको."

पत्र एका संशोधक मुलीचं होतं, दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठातलं. अक्षर सुरेख. तिने लिहिलं होतं की तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण बाईंच्या लेखातल्या तिसऱ्या लेमावर उभं आहे. लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाला टेकू म्हणून आधी सिद्ध करून घेतलेलं छोटं विधान. लेखात त्या लेमाची सिद्धता म्हणून एवढंच छापलंय, 'हे उघड आहे, आकृती पाहा.' तीन आठवड्यांनी तिची तोंडी परीक्षा आहे, परीक्षक नक्की विचारतील. तर बाईंनी कृपा करून दोन ओळींत सिद्धता सांगावी. ती स्वतः गुरुवारी अकराला येईल. खाली फोन नंबर होता आणि 'तुमचा लेख माझा फार आवडता आहे' असं लिहिलं होतं.

"किती छान," मी म्हणाले. "मग?"

"तो लेमा खोटा आहे."

दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला, फडकं घेतलं, आणि पुसायचं विसरून तशीच उभी राहिले.

"पत्र आलं शनिवारी," बाई म्हणाल्या. "मला आनंद झाला. चाळीस वर्षांत वाचक मिळाला, एक का होईना. रविवारी सकाळी दात घासताना म्हटलं, चला, दोन ओळी मनातल्या मनात जुळवू. पहिली ओळ जुळली. दुसरी नाही. ब्रश तोंडात तसाच राहिला."

"नीट सांगा मला. मी सेकंड क्लासवाली आहे, पण सांगा."

बाईंनी खिळ्यांवर टांगलेले माझे सहा कप पाहिले आणि उठून एकेक काढून ओट्यावर ओळीने मांडले. कप हातात आल्यावर त्या जरा सावरल्या.

"समज, ही कपांची रांग संपतच नाही. माझ्या खोलीतली एकेक दिशा म्हणजे एकेक कप. नियम दोन. एका कपात एका कपाहून जास्त पाणी नको. आणि रांगेत पुढे पुढे जाताना पाणी कमी होत होत नाहीसं व्हायला हवं. समजलं?"

"समजलं."

"आता मोल. पहिला कप भरला तर अर्धा गुण. दुसऱ्याला पाव. तिसऱ्याला त्याच्या निम्मा. असं पुढे. मला पुरता एक गुण हवाय. मिळव."

"सगळे भरायचे."

"सगळे भरलेस तर पुढे पाणी कमी कुठे झालं? नियम मोडला."

"मग पहिले शंभर भरते. पुढचे रिकामे."

"एकाला किंचित कमी पडलं."

"हजार भरते."

"अजून किंचित कमी."

बाईंनी रिकाम्या कपावर बोट टेकवलं. "बघ, कितीही जवळ जाता येतं, पण पोचता येत नाही. असं समज की तो एक गुण म्हणजे भिंत आहे. तुझ्यापासून मोजून एका पावलावर. तू एका पावलाहून केसभर लांब पाऊल टाकलंस तर भिंतीला पाय लागतो. केसाच्या हजाराव्या भागाइतकं लांब टाकलंस तरी लागतो. बरोब्बर एकच टाकलंस तर कुठेच लागत नाही. त्या भिंतीवर तुला सगळ्यात जवळचा असा बिंदूच नाही. कुठलाही घे, त्याहून जवळचा दुसरा असतो."

खरं सांगते, भर सकाळी, उन्हात, माझ्या अंगावर काटा आला. मी नकळत आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावून पाहिला.

"आणि तुम्ही लिहिलंत की जवळचा बिंदू असतो."

"कपांचं उदाहरण मला तेव्हाही माहीत होतं गं. कोणालाही माहीत असतं. मी म्हटलं, माझी खोली वेगळी आहे. मी तिच्या सगळ्या सपाट बाजू फुगवून गोल केल्या होत्या. गोलाईमुळे सगळ्यात जवळचे बिंदू दोन असूच शकत नाहीत, हे मी सिद्ध केलं. अगदी चोख. मग पुढच्या ओळीपासून 'तो बिंदू', 'तो बिंदू' असं लिहायला लागले. एकाहून जास्त नाही हे पाहिलं. एक तरी आहे का, हे पाहिलंच नाही."

"कोणी तपासलं नाही?"

"माझे मार्गदर्शक सर अवघड पानं वाचायचे. सोप्या पानांवर नुसती सही. आणि मी आकृती काढली होती ना! गोल आणि त्याला टेकलेली रेघ. कागदावर गोल रेघेला टेकतोच. कागदाला दिशा दोन." त्यांनी एक कप पालथा घातला. "मी तुम्हा पोरांना एकतीस वर्षं काय सांगितलं?"

ते वाक्य मला पाठ होतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. त्यांना कपांचं काय कळलं माहीत नाही, पण माणसाचं सगळं कळतं. त्या पुढे आल्या आणि स्टुलाजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"मास्तरीणबाई, मी अडाणी. पण एक विचारते. ह्याच्यावर पूल बांधलाय का कोणी? विमान बिमान?"

"नाही."

"कोणाच्या औषधात गेलंय?"

"नाही हो."

"मग चाळीस वर्षं कोणाला दिसलं नाही ते आता कोण दुर्बीण लावून बघतंय? त्या पोरीला सांगा, वय झालं, आठवत नाही. तिची परीक्षा होईल, तुमची इज्जत राहील. झाकली मूठ."

मी सासूबाईंना डोळ्यांनी दटावलं, पण मनातून मलाही तेच वाटत होतं, हे लपवत नाही.

"पुलाला तडा गेला तर पूल पडतो," बाई हळूच म्हणाल्या. "हे पडत नाही. कितीही चढवा वर, उभंच राहतं. त्याचीच तर भीती वाटते. ती पोर त्याच्यावर एक मजला चढवेल. मग तिचा विद्यार्थी दुसरा. आणि एक दिवस वरून कोणी खाली बघेल." त्यांनी डबा बंद केला. "तुम्ही म्हणालात तो विचार मी केलाय. रोज केलाय. तिचा नंबर होता माझ्याकडे. रोज फिरवला. शेवटचा आकडा सोडून."

मग त्यांच्या बोलण्यातून मला कळलं की त्यांनी आमची घंटा न वाजवता थाप का मारली. रविवारपासून घंटेच्या आवाजाने त्यांच्या छातीत धडधडायचं. स्वतःच्या दाराच्या घंटेची वायर त्यांनी त्याच दिवशी उपटून टाकली होती.

साडेदहाला मी तीन कप ट्रेमध्ये ठेवून वर गेले. बाईंनी बोलावलं नव्हतं, पण मी बसायलाच आले आहे असं दाखवलं आणि त्यांनी नको म्हटलं नाही.

त्यांची खोली स्वच्छ होती, फार स्वच्छ. टेबल, दोन खुर्च्या, खिडकीत एक कुंडी. भिंतीवर जिथे लेखाची चौकट असायची तिथे फिकट चौकोन होता. चौकट खाली, कपाटाच्या कडेला, तोंड भिंतीकडे करून उभी होती. टेबलावर कागदांचा गठ्ठा, प्रत्येक कागदावर तेच गणित, प्रत्येकाला वेगळ्या ठिकाणी काट मारलेली.

"सुधारून बघत होते," बाई म्हणाल्या. "वाटलं, काही तरी अट घातली की लेमा तरेल. कालपर्यंत झालं नाही."

पावणेअकरा. बाईंनी स्वेटर काढला, पुन्हा घातला, गुंडी पुन्हा चुकवली. खाली रस्त्यावर गाडी थांबली की त्यांची मान ताठ व्हायची. लिफ्टच्या दाराचा आवाज आला की त्या श्वास धरायच्या. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली की सोडायच्या. मी काही तरी बोलावं म्हणून म्हटलं, "येईल किंवा येणारही नाही."

"एकीकडे वाटतं, येऊ नये," त्या म्हणाल्या. "एवढी मोठी झाले मी. आणि पलंगाखाली जावंसं वाटतंय."

अकराला तीन मिनिटं कमी असताना दारावर टकटक झाली. बाई उठल्याच नाहीत. मी दार उघडलं.

सव्वीस-सत्तावीसची मुलगी, पाठीवर सॅक, केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहऱ्यावर देवळात आल्यासारखा भाव. "घंटा वाजत नाहीये तुमची," ती म्हणाली आणि मग माझ्यामागे बाई दिसल्यावर एकदम गडबडली. "मॅडम! मी पाच तास बसमध्ये घोकत आले काय बोलायचं, आणि पहिलं वाक्य घंटेचं निघालं."

"बाई म्हण," बाई म्हणाल्या. "बस."

मी चहा ओतला. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली, वही काढली, पेनाचं टोपण दातांनी उघडलं. "मी फार वेळ घेत नाही. फक्त लेमा तीन. दोन ओळी. माझे सर म्हणतात, 'जिवंत आहेत ना, जाऊन विचार.' सॉरी, म्हणजे तसं नाही..."

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या.

"तर तो बिंदू असतो, हे कशावरून?"

खोलीत घड्याळ नव्हतं तरी काही तरी टिकटिकत असल्यासारखं मला वाटलं. बाईंनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. मला दिसत होतं, त्यांनी एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं होतं.

"ते," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अचानक वर्गातला झाला, खणखणीत, "ते तर उघडच आहे."

मुलीचा चेहरा उजळला. "हो ना? मला वाटलंच, मीच मठ्ठ!" आणि तिने वहीत खाली मान घालून, त्या सुरेख अक्षरात लिहायला सुरुवात केली. उ. घ. ड. मी पेनाकडे बघत होते, बाई पेनाकडे बघत होत्या. मला माझी धाकटी दिसली, परीक्षेला जाताना आपण सांगू ते पाठ करणारी.

"खोड ते," बाई म्हणाल्या.

"काय?"

"खोड. खोटं आहे. उघड नाहीये. लेमाच खोटा आहे."

मुलगी हसली. बाई हसत नाहीत हे पाहून थांबली. "पण तुमचं छापून आलंय."

"छापून आलंय."

मग बाईंनी सांगितलं. कप नाही, चित्र नाही, सरळ चिन्हांत, गठ्ठ्यातला एक कोरा कागद घेऊन. मला त्यातलं फार थोडं कळलं, पण मुलीला सगळं कळत होतं हे तिच्या कानांवरून दिसत होतं. आधी कान लाल झाले, मग पांढरे. शेवटची ओळ लिहून बाईंनी पेन ठेवलं तेव्हा ती कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वरून वाचायला लागली.

"एकच असतो," ती पुटपुटली. "असला तर."

"असला तर."

"तीन आठवडे आहेत माझ्याकडे." मग एकदम तिचा आवाज फुटला. "तुम्हाला हे माहीत होतं? मी पत्रात नंबर दिला होता! एक फोन करायचात ना. मी पाच तास... मी सगळ्यांना सांगून आले की बाईंना भेटायला चाललेय!"

"भ्याले," बाई म्हणाल्या.

मुलीला काही तरी लागट बोलायचं होतं. ते तिच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं. पण समोर गुंडी चुकलेला स्वेटर घालून बसलेल्या बाईंनी आपणहून तो शब्द उच्चारल्यावर ते तिने गिळलं. तिने नाक पुसलं. मी तिच्यापुढे चहा सरकवला. गार झाला होता, तरी तिने घोटभर घेतला.

"कुठकुठल्या जागांसाठी वापरलास?" बाईंनी विचारलं. "सांग. रडू नंतर."

मुलीने सॅकमधून प्रकरण काढलं. दोघींनी डोकी एकत्र आणली. पहिला भाग ज्या जागांबद्दल होता, त्यांची गोलाई सगळीकडे सारखी, भरीव होती. तिथे जवळचा बिंदू असतोच, दुसऱ्या एका जुन्या प्रमेयाने. "हा वाचला," बाई म्हणाल्या. दुसरा भागही वाचला, एक ओळ बदलून. हे ठरवताना बाईंच्या कपाळावर घाम होता आणि त्या प्रत्येक ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत होत्या, पहिलीतल्या मुलासारख्या. 'उघड' हा शब्द आला की थांबायच्या आणि मुलीला म्हणायच्या, "का? सांग. का?"

तिसरा भाग बाईंच्या स्वतःच्या खोलीबद्दल होता. तो वाचला नाही. सहा पानं. मुलीने ती काढून वेगळी ठेवली तेव्हा बाईंनी डोळे मिटले.

दीड वाजला होता. सासूबाईंनी खालून दोनदा भांडं वाजवून मला बोलावलं होतं, मी गेले नव्हते.

"ह्या जागी काय घालू?" मुलगी म्हणाली. आवाज अजून ओलाच होता, पण डोकं चालायला लागलं होतं. "रिकामं ठेवलं तर विचारतील."

"लेमा खोटा आहे असं घाल. ही आत्ता केलेली मांडणी घाल. कोणाचा लेमा, कुठल्या त्रैमासिकात, कितवं पान, सगळं."

"तुमच्या नावानिशी?"

"दुसऱ्या कोणाच्या नावावर घालणार?"

मुलीने वही ओढली आणि लिहिताना मोठ्याने वाचत गेली. मला वाटतं, तिला बाईंसाठी काही तरी चांगलं करायचं होतं. रागावल्याची भरपाई. "तळटीप टाकते. 'ही चूक लक्षात येताच लेखिकेने स्वतःहून, तत्काळ कळवली. त्यांची मी ऋणी आहे.' चालेल? छान वाटतं ना, बाई?"

बाईंनी ते वाक्य वाचलं. मग परत वाचलं. सकाळी माझ्या दारात उभ्या होत्या तसाच त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"हे 'तत्काळ' काढ," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तळटीपेत कोण एवढं..."

"मला रविवारी कळलं. आज गुरुवार आहे. एवढं एक माझ्यासाठी कर. 'चार दिवसांनी' असं लिही."